कापले खरे, वाळवणार कोण?

भाताच्या कापणीचे दिवस आले की गोमंतकाच्या शेतांतून अलीकडे विळ्यांची लगबग फारशी दिसत नाही. हार्वेस्टरची घरघर ऐकू येते. सासष्टीची खाजने असोत, दिवाडी-चोडण बेटांवरील शेते असोत की पेडणे-बार्देशातील खेर असो, परराज्यांतून भाड्याने आलेली, रबरी पट्ट्यांवर चालणारी ती अवजड यंत्रे या बांधापासून त्या बांधापर्यंत फिरतात. ज्या कापणी-मळणीसाठी एके काळी अवघे घर आठवडाभर राबत असे, ती एका सकाळीत उरकून पुढच्या गावाची वाट धरतात. शेतकरी पोती मोजून घेतो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो. त्याच्या या समाधानाला बोल लावण्याचे आम्हांस काहीच कारण नाही. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि परतीचा पाऊस कोणत्या दिवशी दगा देईल याचा नेम नाही. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस ‘क्यार’ वादळाच्या पावसाने कापणीस आलेले भात उभ्या शेतात लोळविले, ती आठवण अजून ताजी आहे. यंत्र वेळेवर पोचले तर दाणा घरात येतो. शेतकऱ्याच्या लेखी एवढे पुष्कळ आहे.

परंतु यंत्र निघून गेल्यावर शेतात मागे काय उरते, इकडे आमचे लक्ष कितपत जाते? मागे उरतो तो पेंढा. विस्कटलेला, चिरडलेला, पट्ट्यांखाली चिखलात दाबला गेलेला. तो गोळा करावयास माणसे नाहीत; ज्यांच्या गोठ्यात आता गुरेच उरली नाहीत त्यांना गरजही नाही. मग दोन पावसांत तो काळा पडतो, किंवा एखाद्या संध्याकाळी त्याला काडी लावली जाते. आणि त्याच गावात ज्याच्या दावणीला अजून चार जनावरे आहेत असा गवळी घाटावरून येणाऱ्या वैरणीच्या ट्रकची वाट पाहत, मागतील तो भाव मोजत बसलेला असतो. स्वतःच्या शेतातील वैरण कुजवावयाची आणि परक्याची वैरण घाट उतरवून आणावयाची, हा व्यवहार कोणत्या अर्थशास्त्रात बसतो ते आम्हांस ठाऊक नाही. गोव्यात प्याल्या जाणाऱ्या दुधाचा मोठा भाग कर्नाटक आणि महाराष्ट्र या शेजारच्या राज्यांतून येतो, हे सर्वजण जाणतात आणि अधूनमधून त्याबद्दल खेदही व्यक्त करतात. पण ते दूध ज्यापासून होते ती वैरण कोण जतन करतो, हा प्रश्न सभागृहात क्वचितच कोणी विचारतो. पेंढ्याची आठवण आमच्या तरुण मंडळींना होते ती दिवाळीच्या आदल्या रात्री, नरकासुराचे पोट भरताना!

हा प्रश्न यंत्रांचा आहे, तसाच तो यंत्रे निवडण्याच्या शहाणपणाचाही आहे. म्हणून चारा कापणे आणि वाळवणे ह्या दोन क्रियांचे मर्म थोडे तपशिलात शिरून पाहावे, अशी वाचकांना विनंती आहे.

हिरवे कोवळे गवत म्हणजे बव्हंशी पाणी. शंभरांत सुमारे ऐंशी भाग पाणी आणि वीस भाग काय तो चारा. हे गवत टिकवावयाचे तर त्यातील ओलावा शेकडा वीसच्या आत, शक्यतो पंधरा-अठरापर्यंत, उतरवावा लागतो. हिशेब सोपा आहे. एक हजार किलो हिरव्या गवतात कोरडा चारा दोनशे किलो; ते वाळून ओलावा शेकडा वीसवर आला म्हणजे वजन भरते अडीचशे किलो. म्हणजे एका टनामागे साडेसातशे किलो पाणी उन्हाने आणि वाऱ्याने उचलून न्यावे लागते. ते पुरते न उचलले जाता गवत रचले, तर आत बुरशी धरते, गंजी तापू लागते, आणि कधी कधी आतल्या आत पेट घेते. बाहेरून ठिणगी न पडताही गवताच्या वखारी जळाल्या आहेत, त्या या ओलाव्यापायी. सारांश, कापणे हे ह्या कामातले सोपे अंग आहे. अवघड आहे ते वाळवणे.

थंड देशांतील शेतकऱ्याने हे फार पूर्वी ओळखले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील वोबर्न येथील रॉबर्ट सॅल्मन याने जे यंत्र काढले ते कापणीचे नव्हते. कापून पडलेले गवत उचलून, पिंजून, वाऱ्यावर पसरविण्याचे होते. बायका-मुले हातात दाताळी घेऊन दिवसभर जे करीत ते काम घोड्याने ओढलेल्या चाकाने करावे, एवढीच त्यामागची कल्पना. गवत कापण्याचे स्वतंत्र यंत्र अमेरिकेत विल्यम केचम याच्या नावे नोंदले गेले ते नंतर, १८४७ मध्ये. पुढे कात्रीसारख्या सरकत्या पात्यांच्या जागी वेगाने फिरणाऱ्या तबकड्या आल्या. कापता कापताच देठ चेचणारे रूळ आले. या चेचण्यात मोठी युक्ती आहे. गवताचे पान लवकर वाळते, देठ उशिरा. देठाची वाट पाहावी तर पान चुरा होऊन गळते, आणि पौष्टिक भाग तर पानातच असतो. देठाला चीर पाडली म्हणजे दोन्ही बरोबरीने सुकतात. मग ओळी लावणारे दाताळे, मग गठ्ठे बांधणारे यंत्र. पेनसिल्व्हानियातील एडविन नोल्ट नावाच्या शेतकऱ्याने आपोआप दोरी बांधणारे गठ्ठायंत्र १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केले. १९७१ मध्ये आयोवातील गॅरी व्हर्मीर यांनी मोठाले गोल गठ्ठे वळणारे यंत्र आणले आणि दहा माणसांचे काम एकट्यावर आले. अशी ही साखळी आहे: कापणे, चेचणे, पसरणे, ओळी लावणे, गठ्ठा बांधणे. तिच्यातील एक कडी आणून बाकीच्या सोडल्या तर हाती काय लागणार?

आम्ही नेमके तेच केले आहे. या साखळीतील एकच यंत्र गोव्याच्या घरोघरी पोचले आहे, आणि ते म्हणजे खांद्याला अडकवून चालविण्याचे गवतकापे. ‘ग्रास कटर’ म्हटले की कोणत्याही वाड्यावरचे पोर ते ओळखते. काजूच्या बागेतील रान साफ करावयास, कुळागरातील वाट मोकळी करावयास, पंचायतीच्या रस्त्याकडेची झुडपे छाटावयास त्याचा उपयोग मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या यंत्राने कापलेले गवत गुरांच्या तोंडी जाते किती? ते सपासप कापले जाते, चहूकडे उडते, आणि जागच्या जागी कुजते. आपण गवताकडे वैरण म्हणून पाहणे सोडून दिले आणि कचरा म्हणून पाहू लागलो, याची ही खूण आहे.

आता कोणी म्हणेल, मग विलायतेतील ती सारी साखळीच उचलून आणावी. येथे आम्हांस आमच्या आकाशाची आठवण करून द्यावीशी वाटते. गवत कापण्याची योग्य वेळ म्हणजे ते फुलोऱ्यावर येते ती. त्या वेळी त्यात प्रथिने असतात, जनावर ते आवडीने खाते. आमच्या सड्यांवरचे आणि डोंगरउतारांवरचे गवत ह्या अवस्थेला येते भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे जेव्हा वर ढग आणि खाली चिखल असतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत! कडक ऊन पडू लागते ते कार्तिकात. तोवर गवताची काडी झालेली असते, बी झडून गेलेले असते आणि रंग पिवळा पडलेला असतो. ज्या वेळी चारा उत्तम असतो त्या वेळी तो वाळत नाही, आणि ज्या वेळी तो वाळतो त्या वेळी त्यात चारा म्हणून फारसे काही उरलेले नसते. कोकणपट्टीचा हा जुना पेच आहे. फिरत्या तबकड्यांच्या कापणीयंत्राने तो सुटणारा नाही. शिवाय सड्यावर जांभा दगड पावलोपावली डोके वर काढून बसलेला. त्यावर आपटून पाती किती दिवस टिकतील?

ओल्या हवेचे देश जगात इतरही आहेत. नॉर्वेच्या खोऱ्यांतील शेतकरी पिढ्यान् पिढ्या जमिनीत खुंट रोवून, त्यांवर तारा ताणून, त्या तारांवर गवत धुण्यासारखे वाळत घालीत आला. स्लोव्हेनियात याच कामासाठी छप्पर असलेले लाकडी मांडव उभारीत, आणि त्या देशाच्या खेड्यांची ती ओळखच झाली. यंत्र येण्यापूर्वी त्यांनी आपापल्या हवामानाला उत्तर शोधले होते. यंत्र आले ते त्या उत्तराला जोडून.

आमच्याकडेही उत्तर होते. त्याचे नाव उडवी. भात विळ्याने कापून त्याच्या मुठी, मुठींच्या पेंड्या, पेंड्यांचे भारे. झोडणी झाली की सारे पेंढे एका दिशेला बुडखे आणि दुसरीकडे शेंडे असे जुळलेले. खाली दगड आणि दांड्या मांडून, मधोमध खांब रोवून, त्याभोवती फेर धरीत जाणते हात हा पेंढा रचीत. शेंडे बाहेर उतरते राहत. वरचे पाणी काडीवरून काडीवर ओघळून बाहेर पडे, आत थेंब शिरत नसे. उघड्यावर उभी असलेली अशी उडवी पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरडी राही. वाचकांच्या ध्यानी आलेच असेल की या साऱ्या रचनेचा आधार म्हणजे काड्या एका दिशेने जुळलेल्या असणे. हार्वेस्टरमधून बाहेर पडणारा पेंढा जुळलेला नसतो, गुंतलेला असतो. त्याचा ढीग होतो, उडवी होत नाही. आणि ढिगावर पडलेले पाणी थेट पोटात उतरते. पेंडी गेली तेव्हा उडवीही गेली. शेतकरी आळशी झाला म्हणून उडव्या दिसेनाशा झाल्या असे म्हणणाऱ्यांनी हा यंत्राचा धर्म समजून घ्यावा.

यात भाताच्या वाणांचाही वाटा आहे. १९६८ साली प्रसृत झालेला ‘जया’ आणि त्यामागून आलेले बुटके वाण यांनी धान्य वाढविले, आणि ते आम्हांस हवेच होते. पण खाजनातील जुन्या कोरगुटासारख्या उंच भाताचा भरघोस पेंढा त्यांनी दिला नाही. पेंढा कमी आणि जो आहे तोही मातीत, असे दुहेरी नुकसान आज होत आहे.

येथे थोडे विषयांतर करून एका इतिहासाचे स्मरण देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. गवताची कापणी ही एके काळी ह्याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला रक्त सांडविणारी गोष्ट ठरली होती. ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगावच्या रानांतले गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. व्यापारी आणि जमीनदार त्यावर गबर होत. आणि कापणारा वारली उपाशी राही. १९४५ च्या ऑक्टोबरात, पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मिळाल्यावाचून विळा हाती धरणार नाही, असे ठरवून वारल्यांनी संप केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी त्यांना संघटित केले होते. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण प्राणांस मुकले. गोदावरीबाईंनी हा सारा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. गवत कापणाऱ्या हातांना किंमत आहे, हे सांगण्यासाठी माणसांना मरावे लागले. यास्तव यंत्राने श्रम हलके होत असतील तर त्याचे स्वागत करताना आम्हांस संकोच वाटत नाही. मात्र यंत्राचा मालक कोण, हा प्रश्न आम्ही सोडणार नाही.

गोव्यापुरते बोलावयाचे तर १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. पण ती जमीन तुकड्या-तुकड्यांची. अर्ध्या एकराच्या खातेदाराने ट्रॅक्टर, दाताळे आणि गठ्ठायंत्र विकत घ्यावे, असे सुचविणे म्हणजे थट्टा होय. अनुदानाची टक्केवारी वाढवूनही ती थट्टाच राहते. कारण वर्षातून आठ दिवस लागणारे यंत्र उरलेले दिवस पडवीत गंजत पडते, आणि अनुदान कागदोपत्री खर्ची पडते. २०१४-१५ पासून केंद्र सरकारने शेतीच्या यांत्रिकीकरणाची स्वतंत्र मोहीम सुरू केली आणि तीत भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांची तरतूद ठेवली. योजनेचा हा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. खाजनांचे बांध राखण्यासाठी आमच्याकडे कुळांच्या संघटना आहेत. त्यांतल्या काही नुसत्या नावापुरत्या उरल्या आहेत, हे खरे. तरीही जेथे जीव आहे तेथे गठ्ठायंत्र त्या संघटनेच्या ताब्यात का असू नये? आज हार्वेस्टर बाहेरचा येतो, दलाल त्याच्या तासाचा भाव ठरवितो, आणि शेतकरी रांगेत उभा राहतो. निदान मागचा पेंढा तरी गावाने आपल्या हाती ठेवावा.

कोणते यंत्र, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. भाताच्या पेंढ्यासाठी मध्यम ट्रॅक्टरमागे चालणारे लहान गोल गठ्ठायंत्र आता देशात सर्वत्र मिळते. ते ओळीतला पेंढा उचलून पंधरा ते पंचवीस किलोचा गठ्ठा दोरीने बांधून टाकते; तो एक माणूस उचलू शकतो आणि साध्या माळ्यावर रचू शकतो. हार्वेस्टर गेल्यापासून दोन-तीन कोरड्या दिवसांत हे काम झाले पाहिजे. म्हणून हार्वेस्टरचे वेळापत्रक आणि गठ्ठायंत्राचे वेळापत्रक एकाच वहीत हवे. जेथे शेत लहान पण जमीन कोरडी आणि पीक उभे आहे, तेथे पॉवर टिलरला जोडता येणारे कापणीयंत्र अधिक बरे. ते भात कापून ओळीने आडवे टाकते, काडी शाबूत राहते आणि ज्याला हवी त्याला उडवीसुद्धा रचता येते. गठ्ठ्यांना मात्र छप्पर लागते. यंत्राला पैसा आणि छपराला नाही, अशी योजना असेल तर ती पहिल्याच अवकाळी पावसात वाहून जाईल.

आणि ओल्या गवताचे काय? त्याला वाळविण्याचा हट्टच सोडावा. मुरघास हे त्याचे उत्तर आहे. गवत फुलोऱ्यावर असताना कापावे, काही तास सुकवून ओलावा शेकडा सत्तरच्या आसपास आणावा, कडबाकुट्टीवर बारीक करावे आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत वा खड्ड्यात हवा राहणार नाही असे दाबून भरावे. आत आंबवण होऊन आम्ल तयार होते आणि तेच चाऱ्याला टिकविते. आमच्या गवतात साखर कमी, म्हणून थोडी गुळाची मळी मिसळावी लागते. संकरित नेपियर किंवा मका असेल तर काम आणखी सोपे. भाद्रपदातील ढगाळ आकाशाला न घाबरणारी ही एकमेव पद्धत आहे आणि तिला लागते ते एक कुट्टीयंत्र.

हे कुट्टीयंत्र विजेवर चालते आणि हात ओढून घेते, हेही सांगितले पाहिजे. १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला, तो मळणीयंत्रांत हात गमावणाऱ्यांची संख्या पाहून. कुट्टीयंत्राच्या तोंडावर लांब पन्हळ, रुळांमागे झाकण आणि हाताशी बंद करण्याचा दांडा नसेल, तर असे यंत्र अनुदानातून कोणालाही दिले जाऊ नये. गोठ्यात संध्याकाळी अपुऱ्या उजेडात कुट्टी करणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते, हे खरेदीच्या निविदा लिहिणाऱ्यांनी विसरू नये.

पेंढा वाचविला तरी त्यावर गाय दूध देईल असा भ्रमही नको. त्यात प्रथिने शेकडा तीन-चार, बाकी काडी. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा, हवाबंद झाकून एकवीस दिवस ठेवावा. मग तो मऊ होतो आणि अधिक पचतो. ही रीत जुनी आहे, पुस्तकांत आहे, शिबिरांत सांगितली जाते. गोठ्यांत मात्र क्वचित दिसते. युरियाचे प्रमाण चुकले तर जनावर दगावते, या भीतीने शेतकरी तिच्या वाटेस जात नाही. ती भीती व्याख्यानाने जाणार नाही. पशुवैद्यक खात्याच्या माणसाने बांधावर उभे राहून पहिला ढीग स्वतः करून दाखवावा लागेल.

जुन्या गोव्याजवळ एला येथे किनारपट्टीच्या शेतीसाठीच स्थापलेली केंद्रीय संशोधन संस्था आहे. झाशीच्या चारा संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र चोर्ला घाट ओलांडला की धारवाडला आहे. आमची स्वतःची श्वेतकपिला गाय आता मान्यताप्राप्त जात म्हणून नोंदली गेली आहे. गाय विकत घेण्यास कामधेनू योजनेतून सरकार साहाय्य देते. म्हणजे विद्या आहे, जनावर आहे, पैसाही आहे. नाही ती वैरण. त्यामुळेच घेतलेली गाय दोन वर्षांत विकली जाते, किंवा भाकड झाली की हमरस्त्यावर येऊन बसते आणि रात्रीच्या अपघातांच्या बातम्यांत आमच्याच पानावर छापली जाते.

येत्या खरिपाच्या कापणीपूर्वी कृषी खात्याने निदान प्रत्येक तालुक्यात एका गावी हार्वेस्टरमागोमाग गठ्ठायंत्र फिरवून दाखवावे, निघालेल्या गठ्ठ्यांची मोजदाद जाहीर करावी आणि ते गठ्ठे त्याच तालुक्यातील गवळ्यांना कोणत्या दराने पडले तेही सांगावे. घाटावरच्या वैरणीचा दर आम्ही शेजारी छापू.